सामन्यामागे एक रुपया

फुटबॉलच्या गड्याला सामन्यामागे एका रुपयापेक्षा जास्त काही द्यायचे नाही, असा नियम वऱ्हाडातल्या चार क्लबांनी मिळून केला होता आणि तो कागदावर उतरवला होता मी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, मोठे साहेब नागपुरात बसत आणि दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षे होती. मी पंचविशीच्या आतला, मॅट्रिक झालेला, अमरावतीत एका कापसाच्या अडतीवर कारकून आणि आमच्या फुटबॉल क्लबाचा सेक्रेटरी. सेक्रेटरी हा शब्द मला फार आवडे. क्लबात दुसऱ्या कुणाला इंग्रजीत पत्र लिहिता येत नव्हते म्हणून ते पद माझ्याकडे आले, हे मी सोयीस्करपणे विसरून गेलो होतो.

आमचा क्लब म्हणजे बडनेऱ्याच्या वाटेवरच्या बागाईतवाल्यांची पोरे, एक शाळामास्तर, कचेरीतला एक चपराशी आणि गोलात उभा राहणारा एक शिंपी. बूट कुणालाच नव्हते. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत फुटबॉल खेळताच येत नाही. चेंडू पडतो तिथेच रुततो आणि धावणाऱ्याच्या एकेका पायाला दोन-दोन शेर चिखल लागतो. म्हणून आमच्या शील्डचे सामने दिवाळी झाली की सुरू होत आणि संक्रांतीच्या पुढेमागे संपत. तोवर जमीन अशी टणक झालेली असे की पडला तो सोलवटून उठे.

आमच्यात खरा खेळाडू एकच. डाव्या पायाने खेळे म्हणून त्याला सगळे डावखुरा म्हणत, मीही इथे तेच म्हणतो. त्याचे वावर आमच्या वावराला लागून, मध्ये फक्त पाण्याचा पाट. आम्ही एकाच विहिरीत पोहायला शिकलो आणि एकाच मास्तरांच्या छड्या खाल्ल्या. तो चौथीत शाळेतून निघाला आणि मी पुढे शिकलो, एवढाच काय तो फरक. उंच, हडकुळा, बोलायला कमी. चेंडू त्याच्या पायाशी आला की मैदानाबाहेरचे लोक उठून उभे राहत. मला त्याचा अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर तो आपलाच माल असल्यासारखा मी मिरवत असे.

अडचण रविवारची होती. कचेऱ्या बंद म्हणून सामने रविवारी, आणि अमरावतीचा इतवारा बाजारही रविवारीच. भाजी पिकवणाऱ्याचा आठवडा त्या एका दिवसावर चालतो. डावखुऱ्याच्या बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, बायको नुकती बाळंत झालेली. तो सामन्याला आला तर त्याची मेथी, वांगी आणि सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) विकायला माणूस नव्हते. तेव्हा त्याच्या टोपल्या माझी माय घेऊन जाई. आमच्या टोपल्यांशेजारी त्याच्या मांडायची, दोन्ही विकायची आणि दिवे लागायच्या आत त्याच्या बायकोच्या हातात पदरातली मोड ओतून घरी यायची. याला कुणी काही नाव दिलेले नव्हते. नाव द्यायचेच तर सावड. आज आम्ही तुझ्या वावरात, उद्या तू आमच्या वावरात. आमच्या कांद्याच्या लावणीला तो दोन दिवस येई, त्याच्या लावणीला आम्ही जात असू, मोटेचा बैल बसला तर तो आपली जोडी देई. कोण किती वाकला हे मोजायची पद्धत नव्हती.

आता नियमाकडे येतो. अकोल्यात जिनिंगवाले एक शेटजी होते. त्यांना फुटबॉलचे वेड लागले. वेड लागायला हरकत नाही, पण त्यांच्याकडे पैसा होता. त्यांनी कामठीहून दोन आणि जबलपुराहून तीन गडी आणले. सामन्याला चार-चार, पाच-पाच रुपये आणि वर तूप-पोळी. त्या काळी वावरातल्या गड्याला दिवसाचे चार आणे मिळत, यावरून काय ते समजा. साहजिकच शेटजींचा क्लब सगळ्यांना धुऊन काढू लागला. मग बाकीच्यांच्या अंगात आले. अमरावतीतल्याच दुसऱ्या एका क्लबाने कामठीचे चार गडी ठरवले. त्यांचा सेक्रेटरी एक गरीब स्वभावाचा मास्तर. वर्गणी जमेल या भरवशावर त्याने शब्द दिला आणि वर्गणी जमली नाही. ते चौघे त्याच्या ओसरीवर येऊन बसले. पैसे मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणाले आणि अकरा दिवस हलले नाहीत. मास्तरांची बायको दोन्ही वेळा त्यांना भाकरी वाढत होती. बाराव्या दिवशी मास्तरांनी सायकल विकली. क्लब तिथेच आटोपला. गोलाचे बांबू पुढे त्यांच्या परसात वालाच्या मांडवाला लागले.

मी ते पाहिले आणि मला राग आला. हे सगळीकडे होणार, एकेक क्लब असाच बसणार, आणि शेवटी अकोल्याचे शेटजी एकटेच चेंडू घेऊन मैदानात उभे राहणार. मी सगळ्यांना पत्रे लिहिली. उरलेल्या चार क्लबांचे सेक्रेटरी मूर्तिजापूरच्या स्टेशनावर, तिसऱ्या वर्गाच्या मुसाफिरखान्यात भेटलो, कारण ते गाव सगळ्यांनाच मधले पडे. अमरावतीचा मी. अकोल्याचे, म्हणजे शेटजींच्या क्लबाचे, एक वकील, वाढलेले अकोल्यातच पण बोलणे पुण्याचे. मूर्तिजापूरच्या रेल्वेवाल्यांच्या क्लबाचे तिकीटबाबू. आणि अचलपूरहून छोट्या गाडीने आलेले, पांढऱ्या दाढीचे एक विणकर चाचा. शेटजीच कबूल होणार नाहीत अशी मला भीती होती, पण त्या साली रुईचा भाव पडला होता आणि त्यांच्या भागीदारांनी कुरकुर चालवली होती. वकील मान डोलवायच्या तयारीनेच आले होते.

सामन्यामागे एक रुपया, तिसऱ्या वर्गाचे भाडे आणि एक जेवण. इथवर सगळे पटकन ठरले. पण मी अडतीवर काम करणारा माणूस. भाव बांधून दिला की व्यापारी वजनात कसा हात मारतो हे रोज पाहणारा. शेटजींनी कामठीच्या एका गड्याला फॅक्टरीत पहारेकरी म्हणून लावले होते आणि तो पहारेकरी फाटकावर कधीच कुणाला दिसला नव्हता. म्हणून मी एक कलम घातले : बाहेर जिचे पैसे पडले असते अशी कोणतीही वस्तू, नोकरी अगर मदत त्या रुपयातच धरावी. जास्त झाले तर त्या गड्याने जास्तीचे परत करावे आणि पुढे घेऊ नये, नाहीतर त्याला खेळवू नये.

वकिलांनी ते दोनदा वाचले. "मसुदा फार पक्का आहे तुमचा," ते म्हणाले. मी परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत ते वाक्य मनात घोळवत आलो.

नियमाने काम केले, हे मला सांगितलेच पाहिजे. जबलपूरचे गडी परत गेले, पहारेकऱ्याची नोकरी गेली. त्या हंगामात सगळ्या क्लबांत गावचीच पोरे खेळली आणि सामने बरोबरीचे होऊ लागले. मैदानाभोवती माणसे वाढली. आमच्या क्लबाने तर नवा चेंडू घेतला, दोन ब्लॅडर आणि एक पंपही. पहिल्या पाच सामन्यांपैकी आम्ही चार जिंकलो. सहावा सामना अकोल्याला, शेटजींच्या क्लबाशी. तो आम्ही दोनाला एक असा जिंकला आणि दोन्ही गोल डावखुऱ्याचे. दुसरा गोल तर असा की शेटजी स्वतः खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवू लागले.

सामन्यानंतर फॅक्टरीच्या आवारात जेवण होते. रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. मी वकिलांच्या पंगतीला बसलो होतो. जिंकलेल्या माणसाने जेवताना तोंड खाण्यापुरतेच उघडावे हे मला कळत नव्हते. ते म्हणाले, "तुमचा हा डावा गडी कमालीचा आहे हो. एका रुपयात येतो?"

"एका रुपयात," मी म्हणालो. "त्याचा बाजार बुडतो, तरी येतो. म्हणजे बुडत नाही. माझी आई त्याची भाजी विकते. आमच्याकडची माणसे अशी आहेत."

"वा," ते म्हणाले आणि आणखी एक रोडगा मागून घेतला.

आठ दिवसांनी त्यांचे पत्र आले. भाषा अतिशय सभ्य होती. आपल्याच कलमाप्रमाणे विचार व्हावा, एवढेच म्हणणे होते.

पुन्हा मूर्तिजापूर, पुन्हा तोच मुसाफिरखाना. वकिलांनी मांडणी केली. बाजारात दिवसभर बसायला बाई लावली असती तर तिचे पैसे पडले असते. पडले असते ना? मग ती मदत रुपयाच्या वर गेली. सहा सामने, सहा रविवार.

अचलपूरच्या चाचांनी हात झटकला. "अरे वकीलसाहेब, हे त सावड हाय. शेजारी शेजाऱ्याची भाजी इकते, त्याले का पगार म्हन्तात? मी घरी नसलो त माह्या मागावर माहा भाऊ बसते. त्याले का मी नौकर ठेवला?"

तिकीटबाबूही म्हणाले, "जाऊ द्या साहेब. एवढं ताणू नका."

वकील माझ्याकडे पाहत होते. ताणत ते नव्हतेच. त्यांनी फक्त विचारले, "सेक्रेटरीसाहेबांना काय वाटते? कलम त्यांचे आहे."

तिघांत दोघे माझ्या बाजूने होते. मी गप्प बसलो असतो तर विषय तिथेच संपला असता. पण मला वाटले, आपण सगळ्यांना शिस्त लावली, आता आपल्यावर आल्यावर सावड म्हणून सुटायचे? शेटजींनीही उद्या पहारेकऱ्याला भाचा म्हटले तर? मी खिशातली पेन्सिल काढली. बाजारात बसणाऱ्या बाईची दिवसाची मजुरी मी पाच आणे धरली. कमी धरली असे कुणी म्हणू नये म्हणून वावरातल्या गड्याहून एक आणा जास्तच धरली. सहा दिवसांचे तीस आणे, म्हणजे एक रुपया चौदा आणे. ते मी कागदावर लिहिले आणि खाली सही केली. चाचा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "बाबू, हे तू काहून लिहून राहिला?" ते म्हणाले. मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम, चाचा."

वकिलांनी उठून माझा हात हातात घेतला. असा प्रामाणिक माणूस पाहिला नाही म्हणाले. मला भरून आले होते. आज ते आठवले की कानशिले गरम होतात.

घरी आलो तेव्हा माय पाटाच्या काठी बसून मेथीच्या जुड्या धूत होती. मी तिला सगळे सांगितले. मोठ्या उमेदीने सांगितले, कारण तिच्या कामाची चार गावांच्या बैठकीत किंमत झाली होती. ती जुडी आपटायची थांबली.

"कितीक धरले म्हन्ला?"

"पाच आणे. रोजचे."

"माही मजुरी तुले कोनं इचारली होती?"

"अगं माय, नियमासाठी..."

"मी त्याची मजूर नोती," ती म्हणाली. "मी त्याले न्हाऊ घातलं हाय लहानपनी. आता तू चार लोकांत सांगून आला का तुही माय पाच आन्यानं बसते." तिने ओली जुडी टोपलीत टाकली. "जाय, त्याले तूच सांग. मले नोको धाडू."

मी पाट ओलांडून गेलो. डावखुरा वांग्यांना पाणी देत होता. त्याने फावडे न थांबवता ऐकून घेतले. वाफा भरला तसे पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवले आणि मग माझ्याकडे बघितले.

"म्हंजे सहा इतवार मी तुह्या मायले मजुरीनं ठेवली होती."

"तसं नाही रे. कागदावर तसं दाखवावं लागलं."

"कागद तूच लिहिला ना?"

"मीच."

"मंग तसंच हाय," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी शील्डचा शेवटचा सामना होता, अकोल्याला, शेटजींच्याच क्लबाशी. नियमाप्रमाणे तो खेळू शकत होता, जास्तीचे मागाहून परत केले तरी चालत होते, फक्त त्याची भाजी कुणी विकायची नव्हती. म्हणजे आठवड्याचा बाजार बुडवून यायचे. माय रागाच्या भरात त्याच्या दारात गेली होती. तू जाय खेळाले, मी इकतो तुह्या टोपल्या, पाहतो कोन मले अडवते, असे तिने त्याला सांगितले. त्याने तिला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिले आणि नाही म्हणाला. मी त्याला विचारायला गेलोच नाही. मला वाटत होते, तो येईल. ज्याला खेळायचा एवढा नाद तो शेवटचा सामना सोडेल कसा? स्टेशनावर गाडी हलेपर्यंत मी आमच्या वावरांकडून येणाऱ्या वाटेकडे बघत होतो. त्याच्या जागी चपराशाला खेळवले आणि आम्ही चार गोलांनी हरलो. शील्ड अकोल्याला राहिली. वकिलांनी मला मुद्दाम बोलावून शेटजींशी ओळख करून दिली.

संध्याकाळी घरी पोचलो तर डावखुरा आमच्या दारात उभा होता. खांद्यावर रिकाम्या टोपल्या. माझ्याकडे न बघता त्याने मायसमोर पाच आणे धरले.

"हे काय?" माय म्हणाली.

"तुमची मजुरी. एका इतवाराची. एकदम देनं होत नाई, दर बाजाराले एक देईन."

तो तिला आजवर काकू म्हणून अगंतुगं करत आला होता. तुमची हा शब्द मी त्याच्या तोंडून तिच्यासाठी पहिल्यांदा ऐकला. माय म्हणाली, "ठेव ते खिशात. नाईतर झापड खाशीन." तो हलला नाही. म्हणाला, "काकू, हे घेतले नाई त मले तुमच्या दारात येता येनार नाई." तिने माझ्याकडे एकदा बघितले आणि हात पुढे केला.

असे सहा रविवार. मी मध्ये एकदा त्याला वाटेत गाठले आणि समजावायचा प्रयत्न केला, की जास्तीचे पैसे परत करायचे ते क्लबाला, मायला नाही, आणि क्लबाला माफ करता येतात, मी सेक्रेटरी आहे, मी माफ करतो. तो म्हणाला, "माफ करनारा तू कोन बे?" आणि पुढे गेला. फार चिडला होता असेही नाही. आवाज नेहमीचाच होता, त्यानेच मला जास्त लागले. फुटबॉलचा विषय त्याने काढला नाही आणि काढू दिला नाही. संध्याकाळी मैदानावर पोरे जमत, तो वाटेने बैल घेऊन जाई आणि चेंडू त्याच्याकडे घरंगळत आला तर हाताने उचलून आत फेकी. पायाने मारत नसे.

मायने ते पैसे कशाला वापरले ते तिने मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. ती महिनाभर माझ्याशी कामापुरतेच बोलत होती. मी अडतीवर जात होतो, क्लबाचे कागद नीट ठेवत होतो. नियम चुकला होता असे मला तेव्हाही वाटत नव्हते आणि आजही वाटत नाही. तो नसता तर ते चारही क्लब त्या मास्तरांच्या वाटेने गेले असते, आणि तो होता म्हणून लढाईत चेंडू आणि ब्लॅडर मिळेनासे होईपर्यंत ते टिकले. चूक मुसाफिरखान्यात झाली. मायच्या बाजारात बसण्याला किंमत नव्हती, ती मी पेन्सिलीने घातली. एकदा घातल्यावर ती पुसायला माझ्याजवळ काही नव्हते.

संक्रांत होऊन गेली आणि कांद्याच्या लावणीचे दिवस आले. आमची लावणी त्या साली आधीच, हे सगळे घडायच्या अगोदर झाली होती आणि डावखुरा दोन दिवस येऊन रोपे लावून गेला होता. म्हणजे आमच्याकडून त्याला दोन दिवस जायचे होते. दर वर्षी तो आदल्या संध्याकाळी पाटाच्या पलीकडून हाक मारायचा, "उद्या या बे." त्या वर्षी हाक आली नाही. सकाळी त्याच्या वावरात बाया दिसल्या. चार बाया आणि दोन गडी, मजुरीने लावलेले.

माय चुलीपाशी होती. म्हणाली, "जाय. दोन दिस हायेत आपल्याकडं त्याचे. अडतीवर सांग का ताप आला."

मी अडतीवर निरोप धाडला, धोतर खोचले आणि पाट ओलांडला. तो वाफ्यात पाणी सोडत होता. मला पाहून त्याने रोपांच्या जुडीकडे बोट केले. मला बरे वाटले. हाकलले नाही म्हणजे मिटले, असे मी समजलो. दिवसभर त्या बायांच्या ओळीत उकिडवा बसून मी रोपे लावली. कारकुनीने कंबर मऊ झाली होती, दुपारनंतर ती उठू देईना. एक म्हातारी बाई माझी चेष्टा करत होती. "अडतीवाले बाबू, कांदा उलटा नोको लावू, पाताळात उगवन," असे म्हणायची आणि बाकीच्या हसायच्या. त्या हसण्यात डावखुराही एकदा हसला. तेवढ्यावर मी संध्याकाळपर्यंत दम धरला. मनात ठरवले की काम संपले की त्याला बाजूला घ्यायचे आणि सरळ म्हणायचे, चुकलो.

ऊन उतरले. सगळे विहिरीवर हातपाय धुऊन आले. तो विहिरीच्या कडेला उभा राहून एकेकाला मजुरी देऊ लागला. आधी बाया, मग गडी. मी जरा लांब उभा होतो. गडी गेल्यावर त्याने मला हाक मारली. मी जवळ गेलो आणि बोलायला तोंड उघडले, तेवढ्यात त्याने माझा हात धरून त्यात चार आणे ठेवले.

"हे काय बे?" मी म्हणालो. "तू दोन दिवस आमच्याकडं आला होता. मी त्याचं फेडाले आलो."

"ते तवाचं होतं. ते सोड," तो म्हणाला. "गड्याचा भाव चार आने हाय. सगळ्याइले तेवढाच देल्ला."

मी हात तसाच उघडा धरून उभा राहिलो. त्याने घ्यावेत परत, एवढीच माझी इच्छा होती. नाहीतर रागावावे, शिवी द्यावी, पाटात ढकलून द्यावे. मला रडू येत होते आणि बाया बघत होत्या.

"दोन वाफे राह्यले," तो म्हणाला. "उद्या येनार अशीन त आताच सांग. नाईतर मले दुसरा मानूस पाहा लागते."

"येतो," मी म्हणालो, आणि पैसे कनवटीला लावले.